भाषांतर : आपल्या हक्काचा प्रश्न

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी व पाली ह्या दोन्ही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. प्राकृत, असमिया व बंगाली ह्या भाषाही त्याच निर्णयात होत्या. ही वार्ता ऐकून आपल्या समाजास आनंद होणे स्वाभाविक होते. एक आपल्या मातेची भाषा, दुसरी आपल्या शास्त्याच्या उपदेशाची भाषा. दोघींना एकाच दिवशी मान मिळाला. परंतु दर्जा मिळाला म्हणजे भाषा आपोआप घरात येत नाही. आपल्या घरांतील आजची स्थिती पाहा. सकाळी त्रिशरण-पंचशील पालीत म्हटले जाते, स्वयंपाकघरातील बोलणे मराठीत, वऱ्हाडीत किंवा अहिराणीत होते, आणि मुले शाळेत इंग्रजीत शिकतात. तीन भाषा एका छपराखाली नांदत आहेत. पण एकीचा अर्थ दुसरीत उलगडून सांगणारा माणूस बहुतेक घरांत नाही. आजी जे बोलते ते नातीस लिहिता येत नाही आणि नात जे वाचते ते आजीस कळत नाही.

म्हणून भाषांतर हा विद्वानांचा व साहित्यसंमेलनांचा विषय आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे जे आपणांपैकी पुष्कळांस वाटते ते मला मान्य नाही. आपले जीवन दुसऱ्या भाषेत कोणी न्यावे, कोणत्या शब्दांनी न्यावे आणि दुसऱ्या प्रांतांतील आपल्यासारख्याच माणसांचे जीवन आपल्यापर्यंत कोणी आणावे, हा हक्काचा प्रश्न आहे. नवदीक्षित कुटुंबांनी त्याचा विचार इतरांच्या आधी केला पाहिजे. कारण ज्या धम्माचा आपण स्वीकार केला आहे त्याचा इतिहासच मुळी भाषांतराचा इतिहास आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. यमेळु व तेकुल नावाचे दोन भिक्षू होते. ते जन्माने ब्राह्मण होते व त्यांचा आवाज गोड होता. त्यांनी भगवंतांकडे तक्रार केली की, नाना कुळांतून व जातींतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत उपदेश सांगून तो बिघडवितात. तेव्हा तो छंदात, म्हणजे वैदिकांच्या प्रतिष्ठित वाणीत बांधण्याची अनुज्ञा मिळावी. भगवंतांनी त्यांना दोष दिला, तसे करणे हा अपराध ठरविला आणि उपदेश स्वतःच्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. ह्या ‘स्वतःच्या भाषे’चा अर्थ काय, ह्यावर पुढे आचार्यांत मतभेद झाले. पण मूळ तक्रारीचा रोख कोणावर होता, हे लपून राहत नाही. हलक्या समजल्या गेलेल्या कुळांतील माणसांच्या तोंडी गेल्यामुळे शब्द विटाळतो, अशी ती तक्रार होती, आणि ती फेटाळली गेली. पुढे कुमारजीव व युआन श्वांग ह्यांसारख्यांनी आपले आयुष्य भाषांतरात वेचले म्हणून चीन देशात धम्म रुजला. भारतात लोप पावलेले कित्येक ग्रंथ आज केवळ चिनी व तिबेटी भाषांतरांच्या रूपाने जिवंत आहेत. मूळ जळाले तरी भाषांतर उरते, हा धडा ज्यांचे लिखित असे फारच थोडे राहिले आहे त्या आपल्यासारख्यांनी विसरता कामा नये.

परमपूज्य बाबासाहेबांनी हा धडा पुरता ओळखला होता. जगापुढे आपली बाजू मांडावयाची तेव्हा त्यांनी इंग्रजी वापरली आणि आपल्या माणसांशी बोलावयाचे तेव्हा ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ व ‘जनता’ ह्या पत्रांची मराठी वापरली. १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण छापून निघाले. त्याच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या, गुजराती व तामिळ भाषांतरे झाली, आणि मराठी, हिंदी, पंजाबी व मल्याळम् भाषांतरे चालू आहेत, अशी नोंद त्यांनी स्वतः १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत केली आहे. जे भाषण लाहोरला होऊ दिले गेले नाही ते भाषांतरांच्या खांद्यावर बसून देशभर गेले. पण ह्याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, इंग्रजीत प्रसिद्ध झाला. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस व शां. शं. रेगे ह्यांनी केलेले त्याचे मराठी भाषांतर १९७० साली आले. तेरा वर्षे! नागपूरच्या दीक्षाभूमीवर १९५६ साली लेकरास कडेवर घेऊन आलेल्या मातेच्या हाती हे मराठी पुस्तक पडेपर्यंत ते लेकरू मिसरूड फुटण्याच्या वयाचे झाले होते. शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे समग्र लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. परंतु ह्या ग्रंथांच्या छपाईचे काम रखडल्याची दखल मुंबई उच्च न्यायालयास २०२१ साली स्वतःहून घ्यावी लागली. इतरांवर विसंबून राहिल्यास काय होते, हे ह्यावरून कळावे.

आता आपल्या स्वतःच्या लेखनाकडे वळू. गेल्या अर्धशतकात आपल्या माणसांनी मराठीत जे लिहिले त्यातील बरेचसे परभाषांत गेले आहे. ह्या प्रवासात आपल्या शब्दांचे काय झाले, हे केवळ ग्रंथांची नावे पाहिली तरी ध्यानी येते. दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. गावकीची कामे पिढ्यान् पिढ्या करावयाची आणि त्याबद्दल सुगीला धान्याचा वाटा मागावयास उभे राहावयाचे, ही सारी व्यवस्था त्या एका शब्दात आहे. दामोदर खडसे ह्यांनी हिंदीत नेले तेव्हा त्या पुस्तकाचे नाव ‘अछूत’ झाले. जेरी पिंटो ह्यांनी २०१५ साली इंग्रजीत आणले तेव्हा मात्र ‘बलुतं’ हेच नाव ठेवले. पहिल्या नावाने वाचकास लेखकाची ओळख तत्काळ होते, ह्यात संशय नाही. परंतु ती इतरांनी कपाळी मारलेली ओळख आहे. दुसऱ्या नावाने परका वाचक क्षणभर अडतो व ‘हे काय आहे?’ असे विचारतो. त्याला विचारावयास लावणे, हे मला अधिक न्याय्य वाटते.

शरणकुमार लिंबाळे ह्यांच्या ‘अक्करमाशी’चे उदाहरण ह्याहून बोलके आहे. बारा माशांचा तोळा होतो. अकरा माशांचे ते अपुरे, हिणकस. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला सोनाराच्या तराजूने मोजणारी ही शिवी आहे. संतोष भूमकर ह्यांच्या इंग्रजी भाषांतरात ती ‘द आउटकास्ट’ झाली, म्हणजे जातीबाहेरचा. अर्थ फार चुकला, असे कोणी म्हणणार नाही. पण तराजू हरवला. आपल्यावर अन्याय करणाऱ्या समाजाने माणसाच्या रक्ताचेही वजन केले होते, हा पुरावा त्या शब्दात होता. तो इंग्रजी वाचकासमोर नावातून येत नाही. त्याला तो आतील पानांत शोधावा लागतो.

भाषांतराने केवळ हानीच होते, असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. फलटणच्या बेबीताई कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’ प्रथम १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून व १९८६ साली पुस्तकरूपाने आले. दुकानाच्या गल्ल्यावर बसून, घरच्यांच्या नजरेआड कागद दडवीत बाई लिहीत होत्या. माया पंडित ह्यांनी २००८ साली त्याचे इंग्रजी भाषांतर केले व नाव दिले ‘द प्रिझन्स वी ब्रोक’, म्हणजे आम्ही फोडलेले तुरुंग. मराठी नावात तुरुंगही नाही व फोडणेही नाही. ‘जिणं’ हा एक साधा, सोसलेला शब्द आहे. ह्या स्वातंत्र्याबद्दल मतभेद होऊ शकेल. परंतु त्याच भाषांतरकर्तीने बेबीताईंची दीर्घ मुलाखत घेऊन ती भाषांतरासोबत छापली. पुस्तकात बाईंनी समाजाचे दुःख सांगितले होते. स्वतःच्या संसारातील मारहाण त्यांनी ह्या मुलाखतीत सांगितली. बावीस वर्षे जे विचारावयास हवे होते ते एका भाषांतरकर्तीने विचारले. चांगला भाषांतरकार हा असा सर्वांत सावध वाचक असतो. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार ह्यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ ह्या ग्रंथाला वंदना सोनाळकर ह्यांनी, आणि वसंत मून ह्यांच्या ‘वस्ती’ला गेल ऑम्वेट ह्यांनी असेच कष्टपूर्वक इंग्रजीत नेले. ह्या सर्वांचे ऋण मान्य करावयास आपणांस संकोच वाटू नये.

येथे एक आक्षेप हटकून घेतला जातो. आपले दुःख आपण भोगावे आणि त्यावर परक्यांनी नाव मिळवावे काय? भाषांतरकार आपलाच असला पाहिजे, असे काही तरुण म्हणतात. त्यांचा संताप मला समजतो, पण त्यांचा निष्कर्ष मला अपुरा वाटतो. नामदेव ढसाळ ह्यांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ साली विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, तेव्हा त्यातील अनेक शब्दांचे अर्थ त्यांना कवीलाच विचारावे लागले. म्हणजे मराठीतून मराठीत येण्यासाठीही भाषांतराची गरज पडली! कोण्या जातीत जन्म झाला म्हणून तो अर्थ आपोआप कळत नाही. आपल्यातही खेड्यातील बौद्ध तरुणाला कामाठीपुऱ्यातील बोली कळेलच, असे नाही. तो विचारून, राहून, ऐकून कळतो. दिलीप चित्रे हे स्वतः मराठी व इंग्रजी ह्या दोन्ही भाषांतील कवी. त्यांनी तुकोबांना इंग्रजीत नेले आणि २००७ साली ढसाळांच्या कवितांचा इंग्रजी ग्रंथही सिद्ध केला. त्यामागे त्या दोघांचा कित्येक वर्षांचा सहवास होता. जन्माची अट घालणे हे आपल्या तत्त्वात बसणारे नाही. मात्र काही अटी आपण जरूर घातल्या पाहिजेत. मूळ लेखकाची संमती असावी, लेखी करार असावा, मानधनात त्याचा वा त्याच्या वारसांचा वाटा असावा आणि मूळ शब्द सौम्य करू नयेत. ह्यांत एकही अट जातीची नाही. सर्व न्यायाच्या आहेत.

ही मागणी अवास्तव आहे, असे कोणी म्हणेल तर त्याने अलीकडची दोन उदाहरणे पाहावी. आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिकाची पन्नास हजार पौंडांची रक्कम लेखक व भाषांतरकार ह्यांत समान वाटली जाते. २०२२ साली गीतांजली श्री ह्यांच्या ‘रेत समाधि’ ह्या हिंदी कादंबरीस व तिच्या भाषांतरकर्त्या डेझी रॉकवेल ह्यांस ते मिळाले. २०२५ साली कन्नड लेखिका बानू मुश्ताक व त्यांच्या भाषांतरकर्त्या दीपा भास्ती ह्यांना ‘हार्ट लॅम्प’ ह्या बारा कथांच्या संग्रहासाठी ते मिळाले. बानू मुश्ताक व्यवसायाने वकील असून कर्नाटकातील बंडाय साहित्य चळवळीतून पुढे आल्या. ही चळवळ तेथील दलित चळवळीच्या सोबतीने वाढली. मुस्लिम घरांतील स्त्रियांची कोंडी त्यांनी निर्भयपणे मांडली. दीपाबाईंनी कन्नड, उर्दू व अरबी शब्द इंग्रजीत तसेच ठेवले. ते तिरप्या अक्षरांत छापून वेगळे काढले नाहीत आणि त्यांना तळटीपाही जोडल्या नाहीत. परीक्षकांनी त्या भाषांतराचा गौरवच केला. तेव्हा आपले ‘येसकर’, ‘जोहार’, ‘तराळ’ हे शब्द इंग्रजी वाचकास जड जातील म्हणून गाळावेत, हे सांगणाऱ्याचे म्हणणे ह्यापुढे ऐकून घेण्याचे कारण नाही.

आपल्यातूनही असे दोन-दोन भाषांत व अनेक प्रकारांत लिहिणारे लोक निघत आहेत. चेन्नईच्या मीना कंदसामी ह्यांनी इंग्रजीत कविता लिहिली, थोल. तिरुमावळवन् ह्यांचे तामिळ लेखन इंग्रजीत नेले आणि १९६८ च्या किळवेण्मणी हत्याकांडावर ‘द जिप्सी गॉडेस’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. त्या हत्याकांडात मजुरीत वाढ मागणारी चव्वेचाळीस दलित माणसे जाळली गेली होती. नागपूरच्या योगेश मैत्रेय ह्यांनी २०१६ साली ‘पँथर्स पॉ’ ही प्रकाशनसंस्था काढली. ते इंग्रजीत कविता लिहितात, मराठीतून भाषांतरे करतात आणि २०२३ साली त्यांचे आत्मकथनही इंग्रजीत आले. बंगालचे मनोरंजन ब्यापारी ह्यांना तरुणपणी तुरुंगात अक्षरओळख झाली. त्यांनी रिक्षा ओढली, स्वयंपाकी म्हणून काम केले आणि आपले चांडाळ-जीवन बंगालीत लिहिले. शिप्रा मुखर्जी ह्यांनी ते इंग्रजीत नेले. ह्या तिघांचा मार्ग वेगळा आहे. परंतु एका भाषेच्या कुंपणात राहावयाचे नाही, हा निश्चय तिघांत समान आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपली सर्व भाषांतरे इंग्रजीकडे धाव घेतात. इंग्रजीत जावे, ह्याबद्दल वाद नाही. बाबासाहेबांनीच तो मार्ग दाखविला. पण बामा ह्यांचे १९९२ चे तामिळ ‘करुक्कु’, ओमप्रकाश वाल्मीकि ह्यांचे १९९७ चे हिंदी ‘जूठन’ किंवा ब्यापारींचे बंगाली आत्मकथन आपल्या किती घरांत पोचले आहे? ज्यांच्या घरी इंग्रजी आहे ते कदाचित वाचतील. ज्या मातेस ते आपलेच दुःख म्हणून ओळखता येईल, ती त्यापासून वंचित आहे. शिवाय इंग्रजीच्या वाटेने फिरून आलेला शब्द ओळखू येत नाही. तामिळ गावातील ‘चेरी’ म्हणजे गावाबाहेरची आपल्यासारख्यांची वस्ती. ती इंग्रजीत नुसती ‘कॉलनी’ झाली आणि तेथून मराठीत ‘वसाहत’ होऊन आली, तर वाचणारास एखादी शासकीय कर्मचाऱ्यांची वसाहत डोळ्यांपुढे येईल. तामिळ जाणणाऱ्या मराठी माणसाने ते थेट आणले असते तर त्याच्या लेखणीतून ‘महारवाडा’ किंवा ‘मांगवाडा’ हाच शब्द उतरला असता आणि वाचणारी बाई दचकून म्हणाली असती, ‘हे तर आमचेच गाव!’ त्या दचकण्यातूनच देशभरच्या आपल्या माणसांची एकजूट उभी राहणार आहे. केवळ सभांच्या ठरावांनी ती झालेली नाही.

‘आमच्या मुलांना पोटापाण्याचे शिक्षण हवे, कथा-कादंबऱ्या घेऊन काय करावयाच्या?’ असे आईबाप विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु भाषांतर हे पोटाचेही साधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालांची भारतीय भाषांत भाषांतरे करण्यासाठी यंत्राचे साहाय्य घेण्यास आरंभ केला. कचेऱ्या, वृत्तपत्रे, विद्यापीठे, चित्रपट ह्या सर्वांना दोन भाषा नेमकेपणाने जाणणारी माणसे लागतात. आता यंत्रच सर्व भाषांतर करील, असेही म्हटले जाते. यंत्रास छापलेल्या शब्दांवाचून दुसरा गुरू नाही. ‘येसकरपाळी’ हा शब्द ज्यांनी सोसला त्यांनी लिहून ठेवला नाही, तर यंत्र तो कोठून शिकणार? ते त्याच्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी शब्द ठेवील आणि पुढील पिढी तोच खरा मानील. अन्यायपीडित माणसाचा जबाब चुकीचा भाषांतरित झाला तर खटला फिरतो, हे न्यायालयात वावरणारा कोणीही सांगेल. संपूर्ण समाजाचा जबाब चुकीचा भाषांतरित झाला तर इतिहास फिरतो.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांस माझी काही नम्र पण आग्रहाची सूचना आहे. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, आपल्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाचे वाचन होते. ह्या वर्षी एक मराठी प्रत व एक इंग्रजी प्रत शेजारी शेजारी ठेवावी. मराठीतील परिच्छेद वडीलधाऱ्याने वाचावा, इंग्रजीतील मुलामुलींनी वाचावा, आणि जेथे दोन्हींत अंतर दिसेल तेथे थांबून चर्चा करावी. दुसरे असे की, प्रत्येक घरातील मुलीने वा मुलाने आजी-आजोबांच्या तोंडचे शंभर शब्द वहीत उतरावे आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ व तो कोणत्या प्रसंगी बोलला जाई, हे लिहावे. ह्यास पैसा लागत नाही. आजी हयात असावी लागते, आणि ती नेहमीच राहणार नाही. तिसरे, ज्या घरात दोन मुले आहेत त्यांपैकी एकाने इंग्रजीखेरीज आणखी एक भारतीय भाषा मन लावून शिकावी. मुंबई-पुण्यात आपल्या शेजारी तामिळ, तेलुगू, कन्नड व हिंदी बोलणारी कष्टकरी माणसे राहतात. शिक्षक शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

एके काळी आपल्या पूर्वजांना गावाचा निरोप पायी चालत दुसऱ्या गावी पोचवावा लागे. निरोप दुसऱ्याचा असे आणि चालण्याचे कष्ट आपले असत. मजकूर काय आहे, हे जाणण्याचा वा त्यात आपला एक शब्द घालण्याचा अधिकार आपणांस नव्हता. आज लेखणी आपल्या हाती आहे व निरोपही आपला आहे. तो एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेण्याचे काम आपल्या मुलामुलींनी अंगावर घ्यावे, आणि ज्या घरात आजी अजून बोलत आहे त्या घराने ह्या पौर्णिमेलाच वही उघडावी.

जय भीम!